कळप हाच रुग्ण : गोधनाच्या आरोग्यरक्षणात वैद्याचे स्थान

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायाचा आरंभ आपणा सर्वांस परिचित आहे. कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावर शिष्यांसह विहार करीत असता भगवान् पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, पुढे येणाऱ्या आपत्तीची चिन्हे दिसू लागली आहेत. भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेव. रोग आल्यानंतर धावाधाव करण्यात अर्थ नाही, सिद्धता आधीच हवी, हा या उपदेशाचा गाभा होय. भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची, भिन्न बलाची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रस्त होतात, या अग्निवेशाच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळते. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात. ते दूषित झाले की प्रकृतिभेद गौण ठरतो.

जनपदोद्ध्वंसाचा हा विचार आपण मनुष्यांच्या साथींपुरता मर्यादित ठेवतो. वास्तविक तो जनावरांच्या कळपास अधिकच चपखल लागू पडतो. एकाच दावणीची, एकच पाणी पिणारी, एकाच कुरणात चरणारी वीस जनावरे म्हणजे एक लहानसा जनपदच. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे माणसांचे दुखणे घेऊन आलेला पशुपालक उठता उठता गोठ्यातील गाईबद्दलही विचारतो. त्या वेळी वैद्याने काय सांगावे, काय सांगू नये आणि कोणत्या लक्षणांवरून स्वतः सावध व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कळपाच्या चिकित्सेची दृष्टी

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत मांसोत्पादनासाठी गोवंशाचे मोठे कळप पाळले जातात. तेथे एकेका जनावराची चिकित्सा करीत बसणे परवडत नाही. त्यामुळे तेथील पशुवैद्यकाने संपूर्ण कळप हाच रुग्ण मानण्याची पद्धती विकसित केली. वेत ठरावीक दोन-तीन महिन्यांत यावे अशी योजना करणे, जनावराच्या शरीरपुष्टीला एक ते नऊ असे गुण देऊन आहाराची परीक्षा करणे, प्रत्येक जनावराची नोंद ठेवणे आणि अनुत्पादक जनावर कळपातून काढून टाकणे, ही तिची प्रमुख अंगे होत.

महाराष्ट्रातील परिस्थिती वेगळी आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमाने गाईच्या हत्येस बंदी केली व २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ही बंदी वळू आणि बैल यांनाही लागू झाली. मांसासाठी गोपालन हा व्यवसाय येथे नाही. परंतु यामुळे कळपाच्या आरोग्याचा प्रश्न सौम्य होत नाही, उलट अधिक बिकट होतो. भाकड गाय, म्हातारा बैल किंवा जुनाट रोगाने खंगलेले जनावर गोठ्यातच राहते. त्याच्या चाऱ्याचा भार पशुपालक वाहतो, आणि ते संसर्गी असेल तर रोगही तेथेच राहतो. जेथे रोगी जनावर कळपातून काढण्याचा मार्ग नाही, तेथे रोग आत येऊ न देणे हाच एकमेव किफायतशीर उपाय उरतो.

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील गोध्यक्ष-प्रकरणात शंभर जनावरांच्या कळपाची व्यवस्था सांगितली आहे. त्यांना राखणारे, दोहन करणारे व मंथन करणारे वेगवेगळे नेमावेत, जनावरांच्या अंगावरील खुणांसह नोंद ठेवावी, वासरे, वृद्ध आणि व्याधिग्रस्त जनावरांवर उपचार करावेत, असे तेथे म्हटले आहे. अग्निपुराणात गवायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे, तर चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात हत्ती, उंट, गाय, घोडा यांच्या बस्तीचाही विचार आढळतो.

देश : एका जिल्ह्यातील दोन प्रदेश

नाशिक जिल्ह्यात अनूप आणि जांगल हे दोन्ही देश एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येवला, मालेगाव, सिन्नरच्या पूर्व भागात तो जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर असतो.

अनूप प्रदेशाचे जनावर म्हणजे डांगी. पांढऱ्या अंगावर तांबडे वा काळे ठिपके, काळे कठीण खूर आणि अंगावर पाझरणारा तेलकट स्राव ही या गोवंशाची ओळख. या स्रावामुळे मुसळधार पावसातही कातडीचे रक्षण होते व भातखाचरांच्या चिखलात हे बैल टिकून काम करतात. इगतपुरी तालुक्यातील घोटी आणि शेजारच्या अकोले तालुक्यातील राजूर येथील डांगी जनावरांची प्रदर्शने प्रसिद्ध आहेत. रानात चरणारा कळप, सोबत वळू, आईच्या कासेला पिणारी वासरे अशी डांगी कळपाची रचना असते. अशा ठिकाणी औषधापेक्षा व्यवस्थापनाला अधिक महत्त्व असते, हे उघड आहे.

परंतु देशसात्म्य म्हणजे अभेद्यता नव्हे. भातखाचरे व पाणथळ कुरणे गोगलगायींचे वसतिस्थान असते आणि त्यांच्याद्वारे यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींचा प्रसार होतो. पावसाळ्यानंतर जनावर रोडावते, खालच्या जबड्याखाली सूज येते, शेण पातळ होते. पशुपालक यास चाऱ्याचा दोष समजतो. शेणाची तपासणी करून योग्य जंतनाशक देणे आणि दलदलीत चराई टाळणे हा त्यावरचा उपाय आहे. डोंगरउतारावर माजलेली घाणेरी अर्थात टणटणी चाऱ्याच्या टंचाईत जनावरे खातात. त्यामुळे यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते.

पूर्वेकडील व मधल्या बागायती भागाचे दोष निराळे आहेत. निफाड-लासलगाव परिसरात कांद्याचे भाव पडले की सडका कांदा जनावरांपुढे ढिगाने टाकला जातो. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि पाळीव रवंथ करणाऱ्या प्राण्यांत गोवंश याबाबत विशेष नाजूक आहे. काही दिवसांतच जनावर थकते, डोळ्यांच्या आतील त्वचा फिकट किंवा पिवळसर होते, मूत्र कॉफीसारखे तपकिरी दिसते. गोचिडांमुळे होणाऱ्या एका ज्वरातही मूत्र तांबडे होते. म्हणून केवळ मूत्राच्या रंगावरून रक्तपित्ताचे अनुमान करून मोकळे न होता, दावणीत काय पडले होते, हे प्रथम विचारावे. द्राक्षबागेच्या छाटणीचा पाला देताना त्यावर कोणती फवारणी झाली होती, हे विचारणेही तितकेच अगत्याचे. बोर्डो मिश्रणातील तांबे मेंढ्यांना विशेष घातक असते. कोवळी किंवा पाण्याअभावी सुकलेली ज्वारी खाऊन होणारी विषबाधा तर काही मिनिटांत प्राण घेते.

उदक, वायू आणि काल

दुभत्या गाईला दिवसाकाठी साठ ते ऐंशी लिटर पाणी लागू शकते. दिवसातून दोनदा बादली दाखविण्याने ही गरज भागत नाही. गोठ्यातील जमीन उताराची व कोरडी असावी, मूत्र साचू नये, वारा खेळता असावा. दमट, बंद गोठ्यात वासरांना श्वासरोग होतो आणि ओल्या जमिनीवर बसणाऱ्या गाईच्या सडातून जंतू शिरून कासदाह होतो.

नवजात वासराच्या बाबतीत तर काही तासांचाच प्रश्न असतो. गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भावस्थेत वासरास मिळत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात आणि ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची शक्ती पहिल्या दिवसातच लोप पावते. जन्मानंतर पहिल्या दोन तासांत पहिला चीक व पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा चीक त्याला मिळालाच पाहिजे. खरवसाचा वाटा त्यानंतर.

कालाच्या दृष्टीने वर्षाचे नियोजन असे असावे. पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये घटसर्प आणि फऱ्या यांची लस. लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजेच ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदा. यांपैकी लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व लसीकरण झालेल्या जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला मारण्यात येऊ लागला. पशुपालक पुष्कळदा लस टाळतात. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येतो व दूध घटते, हे त्याचे कारण. दोन दिवसांची ही घट आणि लाळ-खुरकुताने कायमचे दुभते गमावणे यांतील अंतर वैद्याने समजावून दिले, तर ते ऐकले जाते. येऊ घातलेल्या आपत्तीपूर्वी औषधी गोळा करण्याचा आत्रेयांचा उपदेश आज गोठ्यात याच रूपाने पाळावयाचा आहे.

२०२२ च्या लंपी चर्मरोगाच्या साथीत महाराष्ट्रातील जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली, हे अनेकांना स्मरत असेल. बाजारातून आणलेले जनावर थेट दावणीला बांधणे, आजारी जनावर गुपचूप विकून मोकळे होणे, गाभडलेल्या गाईची गोष्ट लपविणे ही सर्व प्रज्ञापराधाचीच उदाहरणे होत. नवे जनावर किमान तीन आठवडे वेगळे बांधावे, हा एक नियम पाळला तरी पुष्कळ हानी टळते.

गोठ्यातून रुग्णशय्येवर

आता आपल्या स्वतःच्या कार्यक्षेत्राकडे वळू. महिना-दीड महिना अधूनमधून येणारा ज्वर, रात्री घाम, कंबर व मोठ्या सांध्यांत वेदना, अग्निमांद्य, क्वचित वृषणशोथ अशी लक्षणे घेऊन येणारा शेतकरी वैद्याला नवीन नाही. विषमज्वर किंवा आमवात गृहीत धरून चिकित्सा सुरू होते. थोडा उपशय मिळतो, पुन्हा ज्वर येतो. अशा रुग्णाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : घरी जनावरे आहेत काय, आणि गेल्या वर्षात एखादी गाय किंवा म्हैस गाभडली काय?

ब्रुसेलोसिसग्रस्त गाय बहुधा गर्भावस्थेच्या उत्तरार्धात गाभडते आणि वार अडकते. ती उघड्या हाताने ओढून काढणारा माणूस, गोठा झाडणारी स्त्री आणि न तापविलेले दूध पिणारे बालक या तिघांनाही हा संसर्ग होतो. मनुष्यातील रोगाचे निदान रक्ताच्या तपासणीने होते. त्याची चिकित्सा सामान्यतः दोन प्रतिजैविके किमान सहा आठवडे एकत्र देऊन करावी लागते. ती अर्धवट राहिली तर रोग उलटतो आणि मणके किंवा हृदयाच्या झडपा यांपर्यंत पोहोचू शकतो. अशा रुग्णास वेळीच योग्य ठिकाणी पाठविणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. त्याच वेळी गोठ्यातील जनावरांची तपासणी होणेही आवश्यक आहे, कारण उगम तेथे आहे. रुग्ण बरा होऊन त्याच गोठ्यात परतला तर निदानपरिवर्जन झाले असे म्हणता येणार नाही.

येथे एक अप्रिय विषय स्पष्टपणे मांडणे भाग आहे. सुश्रुतसंहितेत कच्चे दूध अभिष्यंदी व गुरू सांगून धारोष्ण दुधाची मात्र प्रशंसा केली आहे, आणि आपल्यापैकी अनेक जण क्षीण रुग्णांना, गर्भिणींना, बालकांना ते सुचवितात. परंतु ज्या कळपाची ब्रुसेलोसिस आणि क्षयासाठी तपासणी झालेली नाही, त्या कळपातील गाईचे धारोष्ण दूध आज कोणासही सुचवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दूध उकळल्याने हे जंतू नष्ट होतात. पथ्य सांगताना द्रव्याच्या गुणांबरोबर त्याच्या योनीची शुद्धता पाहावी लागते. गोमूत्राच्या बाबतीतही हेच लागू आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बाधित गाईच्या मूत्रातून दीर्घकाळ बाहेर पडतात. ज्या गाईचे मूत्र औषधासाठी घ्यावयाचे, ती कोणत्या कळपातील, तिला गेल्या काही दिवसांत कोणती औषधे दिली, हे विचारल्याखेरीज ते वापरणे योग्य नव्हे.

आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. गाय लाळ गाळते, गिळू शकत नाही. घशात काही अडकले असेल म्हणून घरचा माणूस तोंडात हात घालतो. कुत्रे चावल्याने झालेल्या अलर्काची हीच लक्षणे असतात. असा इतिहास कळताच हात साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून रुग्णास तत्काळ प्रतिबंधक लसीसाठी पाठवावे. तसेच अचानक मेलेल्या आणि नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त वाहणाऱ्या जनावराचे शव उघडू देऊ नये. ती फाशी असण्याची शक्यता असते व तिचे बीज मातीत वर्षानुवर्षे टिकते.

औषधी : अधिकार आणि मर्यादा

वनस्पतींचा उपयोग करूच नये काय? तसे मुळीच नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पशूंच्या पारंपरिक औषधींचा पद्धतशीर प्रसार केला आहे. कासदाहात कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व थोडा खाण्याचा चुना यांचा कल्क करून, कास पूर्ण पिळून धुतल्यानंतर दिवसातून अनेक वेळा पाच दिवस लेप करणे हा त्यांतील प्रसिद्ध योग होय. आरंभीच्या अवस्थेत तो उपयोगी पडतो आणि प्रतिजैविकांचा अनाठायी वापर टळतो. मात्र गाईला ताप असेल, चारा सुटला असेल, दुधातून रक्त वा पू येत असेल तर केवळ लेपावर विसंबू नये.

मनुष्याची मात्रा वजनाच्या हिशेबाने दहापट करून गाईला देणे ही मोठी चूक ठरते. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पचन पहिल्या मोठ्या कोष्ठातील सूक्ष्मजीवांवर अवलंबून असते; तीव्र द्रव्यांनी त्यांचाच नाश झाला तर अग्नी विझल्यासारखे होते. बांबूच्या नळीने, जनावराची मान उंच धरून बळेच पाजलेले तेल किंवा काढा फुप्फुसात उतरून जनावर दगावल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

कायद्याची मर्यादाही ध्यानात असावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ नुसार पशुचिकित्सेचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. लाळ-खुरकूत, फाशी, ब्रुसेलोसिस, लंपी यांसारख्या अनुसूचित रोगांची वर्दी देणे २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंधक अधिनियमाने बंधनकारक केले आहे. पशुवैद्यकीय दवाखाना दूर असल्यास १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची मागणी करता येते. हा क्रमांक चिकित्सालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

वेदनाशामकांबाबत विशेष सावधगिरी हवी. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, कारण हे औषध दिलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडांचे वृक्क निकामी होत असल्याचे सिद्ध झाले होते. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जाऊ लागल्याने २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरवर मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशूंमधील वापरावरही बंदी आली. अंजनेरीच्या कड्यांवर आजही गिधाडे घरटी करतात आणि हरसूलजवळील खोरीपाडा येथे वनविभागाने त्यांच्यासाठी मृत जनावरे ठेवण्याची व्यवस्था केली. त्याच परिसरातील पशुपालकाने लंगड्या बैलासाठी चिकित्सालयातून एखादी कुपी मागितली, तर ती न देणे हेच उचित.

उपसंहार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना औषधींची नावे व रूपे ठाऊक असतात. परंतु केवळ नामरूपाच्या ज्ञानाने त्यांचा योग्य प्रयोग कळत नाही. हा इशारा आज आपणासही लागू आहे. वनस्पतीचे गुण आपण जाणतो, पण गाईचे शरीर आपल्या शिक्षणाचा विषय नव्हे. ज्यांच्या शिक्षणाचा तो विषय आहे, त्यांच्या हाती जनावर वेळेवर सोपविणे यात वैद्याचा कमीपणा नाही.

मात्र पशुपालकाचा विश्वास आपणापाशी आहे. त्या विश्वासाच्या बळावर चार गोष्टी आपण निश्चित करू शकतो : लसीचे वेळापत्रक सांगणे, दावणीतील चाऱ्या-पाण्याची विचारपूस करणे, दूध उकळण्याचा आग्रह धरणे आणि दीर्घ ज्वराच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णास गोठ्याबद्दल विचारणे. यांसाठी खर्च काहीच येत नाही. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या केसपेपरवर रुग्णाच्या व्यवसायाखाली ‘घरी जनावरे – गाभडल्याचा इतिहास’ अशी एक ओळ छापून घ्यावी, एवढीच या निमित्ताने विनंती. त्या एका ओळीने एखाद्या घरातील माणसे आणि गोधन दोन्ही वाचतील.